चार नंबरची बाटली

१० नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तुमचं बीपी मिठानं नाही, रागानं वर जातं. रागवायचंच असेल तर वहीवर रागवत जा." म्हणून ही वही. भाचीनं दिलेली आहे, वर मोर छापलाय. मोराकडे न बघता लिहीत जाईन.

पहिला राग प्राचार्यांवर. अर्थशास्त्राचे सर दिवाळीआधी नोकरी सोडून गेले आणि त्यांचे तास माझ्या गळ्यात पडले. "भूगोल काय, अर्थशास्त्र काय, शेवटी सगळं एकाच पृथ्वीवर चालतं ना ज्योत्स्नाताई," असं म्हणून स्वतःच हसले. बावीस वर्षं भूगोल शिकवतेय, पण कुणाला तोंडावर नाही म्हणायला अजून शिकले नाही.

मग ठरवलं, अकरावीला दोन्ही विषयांचा मिळून एकच प्रकल्प द्यायचा. नदीतली घाण कमी करायची तर ती कुठे अडवायची, हा भूगोल. त्याचा खर्च कुणी सोसायचा, हे अर्थशास्त्र. इंद्रायणी कॉलेजच्या मागूनच जाते, साधन शोधायला लांब जायला नको.

वर्गात विचारलं, नदी कुणाची? मागच्या बाकावरून संदेश म्हणाला, "मॅडम, नदी सरकारची आणि घाण पब्लिकची." वर्ग खदखदा हसला. मी डोळे वटारले आणि स्टाफरूममध्ये येऊन एकटीच हसले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सोसायटीचा मैल्याचा टँक परत भरला. लोणावळ्यात आमच्या बाजूला ड्रेनेज अजून आलं नाही, त्यामुळे टँकर बोलवावा लागतो, आणि सेक्रेटरी मी असल्यामुळे तो मीच बोलवायचा. जुना टँकरवाला अव्वाच्या सव्वा मागायला लागला होता. नवा शोधला. ड्रायव्हर कैलास, औंढ्याचा. टोपी काढून नमस्कार केला. म्हणाला, "आमची सृष्टी तुमच्याच वर्गात हाय मॅडम. अकरावीला."

मी म्हटलं, मग तर रेट आणखी कमी करा. पोरीच्या मॅडमची सोसायटी आहे. तो खाली बघून म्हणाला, "मालकाला विचारतो. पन मॅडम, मैला साफ करायच्या लांबच्या प्लँटला न्यायचं म्हनलं तर डिझेल लय जातं, तितं लाइनीत दोन-दोन तास..." पुढचं ऐकायला मला वेळ नव्हता, कॉलेजची वेळ झाली होती. शेवटी मालकाशी फोनवर मीच बोलले आणि निम्म्या पैशांत ठरवलं. दर गुरुवारी एक फेरी. वॉचमनच्या वहीत सही केली. संध्याकाळी जिन्यात सगळ्यांनी कौतुक केलं. असं कौतुक वर्षातून एकदा तरी व्हावं, बीपीला बरं असतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज मुलांना घेऊन नदीवर. तेवीस मुलं, पाच जागा, पाच बाटल्या. बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. पाणी भरायचं, उबेला ठेवायचं. पाण्यात मैल्याचे जंतू असतील तर दोन दिवसांत पाणी काळं होतं. नसतील तर आहे तसं राहतं. इतकं सोपं की संदेशला पण कळलं.

एक नंबर उगमाकडे, दोन आणि तीन गावाजवळ, पाच खालच्या बंधाऱ्यावर. चार नंबरची जागा बेंदवाडीची विहीर. विहीर नदीला अगदी खेटून आहे, नदीचंच पाणी झिरपून तिच्यात येतं. वाडीत पंधरा घरं. तिथे झुंबरबाई नावाची बाई भांडी घासत होती. आम्हाला बघून उठून उभी राहिली.

"तपासायला आलाय व्हय? बरं झालं. दिवाळीपासनं वास मारतंया हिरीला. बाकीचे पित्यात नाक दाबून. माझी सून न्हाई पीत. वरनं हापशावरनं आनती. सहावा चाललाय तिला. बघा की कशी चढती."

सून चढावरून उतरत होती. डोक्यावर हंडा, एक हात कमरेवर. तेजल नाव. माझ्या विद्यार्थिनींपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असेल, जास्त नाही. हंडा उतरवून बसली तेव्हा पाय सुजलेले दिसले. म्हणाली, "मॅडम, तुमी तपासून सांगा. तुमी चांगलं हाय म्हनला तर म्या हिरीचंच पीन. आता चढ न्हाई व्हत."

मी म्हटलं, आठवड्याच्या आत सांगते.

तेवढ्यात कळलं की संदेश महाशय पिशवीवर बसले आणि चार नंबरची बाटली फुटली. एकच जादा बाटली होती, ती कॉलेजच्या कपाटात. मी संदेशला यथेच्छ झापलं. तर सृष्टी पुढे आली. अकरावीत आल्यापासून या मुलीनं कधी हात वर केला नव्हता. म्हणाली, "मॅडम, ती बाटली मी उद्या सकाळी भरून आणते. मी इथून जवळच राहते." मला इतकं बरं वाटलं. मुलं वर्गात फुलत नाहीत, बाहेर काढली की फुलतात, हे मी प्राचार्यांना किती वर्षं सांगतेय.

२० नोव्हेंबर, गुरुवार

एक, दोन, तीन आणि पाच काळ्या. उगमाची सुद्धा काळी! मुलं खिडकीपाशी गर्दी करून बघत होती. संदेश म्हणाला, "मॅडम, मग कमी कुठे करायचं? सुरुवातच काळी आहे."

आणि चार नंबरची स्वच्छ! दुपारपर्यंत मी दहा वेळा बघितली. पारदर्शक, तळाला गाळ सुद्धा नाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तीन आणि चारच्या मध्ये नदी खडकांवरून उड्या मारत जाते. पाण्यात हवा मिसळते, नदी स्वतःला साफ करून घेते. पुस्तकात हे एका ओळीत असतं, इथे डोळ्यांसमोर घडलेलं. फळ्यावर भलं मोठं चित्र काढलं. मुलांना सांगितलं, बघा, नदीला थोडी जागा दिली तर ती आपला खर्च वाचवते. सृष्टीला सगळ्यांसमोर माझं शाईचं पेन बक्षीस दिलं. पोर इतकी लाजाळू की मान वर करेना. घेतलं आणि दप्तरात टाकलं, थँक्यू सुद्धा म्हणाली नाही.

कॉलेज सुटल्यावर स्कूटीवरून बेंदवाडीला गेले. तेजल दारात तांदूळ निवडत होती. तिला म्हटलं, विहिरीचं पाणी चांगलं आहे, खुशाल पी. ती हसली आणि लगेच सासूला हाक मारली, "आत्या, ऐकलं का? उद्यापासनं हापसा बंद!" मला आग्रहानं चहा पाजला. चहा विहिरीच्या पाण्याचा होता, मी मुद्दाम दोन कप घेतला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

बेंदवाडीचे श्रीपती आबा कॉलेजात आले. उपसरपंच आहेत. वाडीतल्या बायकांनी नव्या पाइपलाइनसाठी अर्ज दिलाय, त्यावर गावात वाद चाललाय. आबा म्हणाले, "बाई, तुमीच पानी तपासलंय म्हंत्यात. तेवढं कागदावर द्या. दोन कोटीची लाइन कशापायी टाकायची, पानी चांगलं असंल तर?"

एका दिवसाची एक बाटली, तीही मुलांनी भरलेली. खरं तर दर महिन्याला, निदान पाच-सहा वेळा तपासायला हवं. हे आबांना सांगितलंही. ते म्हणाले, "ते तुमचं शास्त्र झालं. आमाला कागद लागतो." एवढ्यात प्राचार्य आले आणि म्हणाले, कॉलेजचं नाव होईल. मी लिहून दिलं. विद्यार्थ्यांच्या चाचणीत दूषितता आढळली नाही, असं. खाली सही, कॉलेजचा शिक्का.

घरी आल्यावर थोडं चुकचुकल्यासारखं झालं. पण खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

तास संपल्यावर सृष्टी मागे थांबली. म्हणाली, "मॅडम, ते पत्र परत घेता येईल का? माझं काहीतरी चुकलं असेल."

मी विचारलं, काय चुकलं? बाटली धुतली होती ना? ती म्हणाली, "हो." पट्टी पाण्यात बुडाली होती ना? "हो." मग? मी तिच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, बाळ, हीच आपल्या मुलींची अडचण. केलेल्या कामावर स्वतःचाच विश्वास नसतो. माझे वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे अवजारं उचलणारे मजूर होते. आमच्या वस्तीतली मी पहिली एम.ए. प्रत्येक परीक्षेनंतर मला वाटायचं, आपला निकाल चुकून लागलाय. ती सगळं ऐकून घेऊन गेली. अशा मुलींसाठीच मी या कॉलेजात टिकून राहिले.

९ डिसेंबर, मंगळवार

अर्थशास्त्राचा तास. घाण करणाऱ्यानं पैसे भरावेत, हे तत्त्व शिकवलं. संदेश म्हणाला, "मॅडम, घाण कोण करतं हे कळायला पाहिजे ना पण." वर्गात सगळे बोलत होते, सृष्टी तेवढी गैरहजर होती. बेंदवाडीत तिघांना कावीळ झाल्याचं शिपाई सांगत होता. हवा बदलली की होतेच.

१५ डिसेंबर, सोमवार

झुंबरबाई कॉलेजात आली. चालत. तास चालू असताना दारात उभी राहिली आणि पिशवीतून पाण्यानं भरलेली बाटली काढून टेबलावर ठेवली.

"तेजलचं डोळं पिवळं झाल्यात बाई. आठ दिस झालं. काल पुन्याच्या मोठ्या दवाखान्यात घातली. वाडीत अकरा जनं झाली, पन बाकीची उठून बसत्यात. ही उठत न्हाई. डाक्टर म्हनला, पानी कुटलं पेता? म्या म्हनलं, बाईंनी तपासलेलं." मग बाटली माझ्याकडे सरकवली. "हिरीवर तुमचा कागुद लावलाय, पलास्टिक चढवून. म्हनून इचारते. परत एकदा बघता का? हे आज सकाळी भरलंया."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं, रागाला उत्तर द्यायला मी पटाईत आहे.

१६ डिसेंबर, मंगळवार

दोन दिवस लागलेच नाहीत. सकाळी खिडकी उघडली तर काल पट्टी घालून ठेवलेली झुंबरबाईच्या पाण्याची बाटली काळीकुट्ट. शेजारी चार नंबरची, महिना झाला तरी स्वच्छ. नदीचं पाणी महिनाभर बाटलीत ठेवलं तर निदान हिरवट तरी व्हायला हवं. हे मला एक महिना दिसत होतं.

सृष्टीला निरोप पाठवला. आली. मी काही विचारायच्या आधीच बोलायला लागली.

"कॉलेजच्या फिल्टरचं भरलं होतं, मॅडम."

का?

"पप्पा तिथेच टँकर सोडतात. विहिरीच्या वरच्या अंगाला, झाडीत. मला वाटलं, काळी झाली तर तुम्ही शोधून काढाल आणि पप्पांना पकडतील. मला काय माहीत तुम्ही तेजलवहिनीला पी म्हणून सांगाल. मी आले होते ना तुमच्याकडे, पत्र परत घ्या म्हणायला." आणि ती रडायला लागली. मी तिला पाणी दिलं, फिल्टरचंच.

दिवाळीपासून का, असं विचारलं. म्हणाली, "दिवाळीत हॉटेलांची गर्दी होती तेव्हा एक-दोनदा. आता रोज. पप्पा म्हणतात, पहिलं प्लँटला नेणं जमायचं. सोसायटीवाल्यांनी रेट पाडला, आता मालक डिझेलच देत नाही."

कुठल्या सोसायटीवाल्यांनी, हे मी विचारलं. माहीत असून विचारलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्या, मॅडम. मग बाकीच्यांनी पण तोच रेट मागितला."

१७ डिसेंबर, बुधवार

बेंदवाडीला जाऊन विहिरीवरचा कागद फाडला. प्लॅस्टिक जाड होतं, घरून कात्री न्यायला हवी होती. घरोघरी जाऊन सांगितलं, पाणी उकळून प्या, जमलं तर पिऊच नका. बायका म्हणाल्या, "मग कुटलं पिऊ?"

२१ डिसेंबर, रविवार

तेजल गेली. बाळ पोटातच आधी गेलं होतं.

वाडीत गेले होते. लांब उभी राहिले. झुंबरबाईनं मला बघितलं. बायकांमधून उठून आली आणि म्हणाली, "तुमी दोन कप च्या पेला होता. तुमाला काय झालं न्हाई न्हवं?" मी म्हटलं, नाही. "मग बरं हाय," म्हणाली आणि परत जाऊन बसली.

तेव्हापासून मी जेवलेले नाही. मला उलटी सुद्धा होत नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

ग्रामपंचायतीत श्रीपती आबांकडे नवं पत्र घेऊन गेले. त्यात लिहिलंय की पहिली चाचणी चुकली, चूक माझी आणि एकटीची, पाणी पिण्याजोगं नाही. सृष्टीचं नाव कुठे नाही आणि कधी येणारही नाही. आबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"बाई, पयला कागुद तालुक्याला गेला. लाइनीचा अर्ज बंद झाला. आता उलटं लिवलं तर तुमीच खोट्या पडनार. आन् पानी खराब हाय तर कुनामुळं, तेबी लिवा की. नाव द्या, मग बगू."

नाव द्यायचं तर कैलासचं द्यावं लागेल. टँकर मालकाचा आहे, मैला आमचा आहे, पण झाडीत पाइप धरून उभा राहिलेला माणूस कैलास. पोलीस त्यालाच नेतील आणि मालक आठवड्यात दुसरा ड्रायव्हर ठेवेल. मी नाव दिलं नाही. जागा लिहिली, टँकर येतात असं लिहिलं, त्यातला एक आमच्या सोसायटीचा असतो हेही लिहिलं. आवक शिक्का मारून घेतला. प्राचार्यांना कळल्यावर त्यांनी दार लावून घेतलं आणि मला विचारलं, "ज्योत्स्नाताई, रिटायर व्हायला किती वर्षं राहिली?"

२८ डिसेंबर, रविवार

सोसायटीची मीटिंग. मी सगळं सांगितलं. विहीर, अकरा माणसं, तेजल. म्हटलं, पूर्वीचा रेट देऊ, वर डिझेलचे देऊ, प्लँटची पावती आणली तरच पैसे. घरटी महिन्याला एका हॉटेलच्या जेवणाएवढे पडतात.

कुणी वाईट बोललं नाही. सगळे हळहळले. तीनशे दोनच्या काकूंनी डोळे पुसले. मग चेअरमन म्हणाले, "मॅडम, रेट तुम्हीच आणलात, आम्ही मागितला नव्हता. आता वाढवा म्हणता. आणि आपण एकट्यांनी पाठवून काय होणार, बाकीचे ओतणारच ना?" वर्गात हा मुद्दा मीच शिकवते. एकट्यानं सुधारणं कुणालाच परवडत नाही, म्हणून कायदा लागतो. मी शिकवते तेव्हा तो प्रश्न असतो, तिथे तो उत्तर होता.

ठराव झाला की आताचा टँकरवाला वादग्रस्त आहे, त्याला बंद करून दुसरा बोलवावा. हात वर झाले. विरोधात एकटी मी.

८ जानेवारी, गुरुवार

सृष्टी नाताळानंतर कॉलेजात आलेली नाही. आज बाजारात दिसली, चिक्कीच्या दुकानात. डोक्याला जाळीची टोपी, हातात मोजे, खोकी भरत होती. आमची सोसायटी सुटल्यावर मालकानं कैलासला काढलं. गाडीवर बोभाटा झालेला ड्रायव्हर कोण ठेवणार? तो आता मिळेल त्या दिवशी हमालीला जातो.

मी म्हटलं, फी मी भरते, परत ये. ती म्हणाली, "फी नाही मॅडम. मला त्या खिडकीसमोर बसवत नाही." मग दुकानाचा मालक बघत होता म्हणून मोठ्यानं विचारलं, "शेंगदाणा देऊ की तीळ?" मी शेंगदाणा घेतली. पिशवीत तिनं हळूच माझं पेन टाकलं होतं, ते घरी आल्यावर सापडलं. त्याच पेनानं लिहितेय.

१२ जानेवारी, सोमवार

प्रकल्प जमा करायचा दिवस. बावीस वह्या आल्या. सगळ्यांनी चार नंबरला नदी स्वतःला साफ करते असं लिहून माझंच फळ्यावरचं चित्र काढलंय, रंगवून. मी वर्गात सांगितलं, ती चाचणी चुकीची होती, पाचही बाटल्या काळ्या धरा. संदेशनं विचारलं, "मग मॅडम, कमी कुठे करायचं, याचं उत्तर काय लिहायचं?"

म्हटलं, जागा मोकळी सोड.

"मार्क जातील ना."

मी देईन, म्हटलं.

२२ जानेवारी, गुरुवार

पत्राला उत्तर नाही. बेंदवाडीच्या बायका हापशावरून पाणी आणतात. उन्हाळ्यात हापसा आटतो, मग परत विहीर.

टँक आठ दिवसांपूर्वीच भरला होता. आज पार्किंगमध्ये पाणी वर आलं, गॅलरीतून सगळे नाकाला रुमाल लावून माझ्याकडे बघत होते. नवा टँकर आला. रेट आधीच्यापेक्षाही कमी, चेअरमननी ठरवलेला. ड्रायव्हर विशीतला, आंदर मावळातला. मी त्याला विचारलं, कुठे ओततोस?

तो आधी हसला. मी परत विचारलं. मग म्हणाला, "प्लँट लय लांब हाय मॅडम. ह्या पैशात तितं जाऊन परत यायचं म्हनजे मालक हाकलून लावंल. जुन्या डायवरनं झाडीतली वाट दावलीया. हिरीच्या वरच्या अंगाला. हमालीवर गेलाय त्यो आता, बिचारा. त्यो म्हनला, दुसरीकडं कुटं लोकं सोडू देत न्हाईत, तितं कोन बोलत न्हाई."

या वेळी मी घाई केली नाही. शेवटपर्यंत ऐकलं. त्यानं पाइप टाकीत सोडला, मशीन सुरू केलं, आणि अर्ध्या तासात पार्किंग कोरडं झालं. तीनशे दोनच्या काकू वरून म्हणाल्या, "सुटलो बाई एकदाचे."

वॉचमननं वही पुढे केली. मी सही केली.